नाईकाच्या पथ्याची भाकरी

मला चार माणसांत बोलायची भीती वाटते. म्हणून हे लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं होतं, आणि पुढं डबे बांधायला आणलेल्या वर्तमानपत्रांचे तुकडे वाचत वाचत थोडं वळण राहिलं. हे कुणाला दाखवायचं नाही. साड्यांच्या घडीखाली ठेवणार आहे. नाईक यंदा वयानं गेले, म्हणून आता हात धजावतोय. ते होते तोवर मी हे मनातसुद्धा नीट उच्चारलं नाही.

वसमतला मी बरीच वर्षं पथ्याचे डबे केले. सुरुवात केली तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली जिल्हा नंतर झाला. आमचे हे हळदीच्या मोंढ्यात हमाल होते. एकदा पोतं उचलताना पाठीत चमक भरली आणि कंबर कायमची धरली. ज्या डॉक्टरांकडं त्यांना दाखवत होतो, त्यांच्या बाईंनी एकदा आमच्याकडची भाजी चाखली आणि म्हणाल्या, "कौसाबाई, तेलाशिवाय अशी भाजी तुम्हाला येते तर आमच्या पेशंटला डबे का देत नाही?" मी मान हलवली. ती होय म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मलाही माहीत नव्हतं. त्यांनी होय धरलं.

माणूस दवाखान्यातून घरी येतो तेव्हा डॉक्टर सांगतात, हे खाऊ नका, ते खाऊ नका. मग खायचं काय, हे सांगायला त्यांना वेळ नसतो. घरची बाई घाबरून जाते. कुणी रोज फिक्की खिचडी करून घालते, आणि आठवड्यात रोगी ताटावरून उठून जातो. कुणाचा जीव तुटतो, ती भाताखाली चोरून तूप घालते. मी या दोघींच्या मधलं काम करत होते.

माझ्या डब्यात जनावराचं काहीच नसायचं. दूध, तूप, अंडं, मटण, काही नाही. यात धर्माचं काही नव्हतं, ते माझ्या भीतीतून आलं. एका रोग्याला तूप बंद, दुसऱ्याला दूध सोसत नाही, तिसऱ्याला मटण वर्ज्य. डबे पोचवणारा सायकलवाला घाईचा माणूस. याचा डबा त्याला गेला तर? या विचारानं मला घास जायचा नाही. शेवटी मी ठरवलं की असा स्वयंपाक करायचा, जो कुणाच्याही ताटात गेला तरी अपाय नको. मीठ तेवढं वेगळ्या पुडीत बांधायचं. त्यानंतर मला जरा झोप लागू लागली.

असा स्वयंपाक अवघड नाही, पण त्याला वेळ द्यावा लागतो. कांदा निखाऱ्यावर काळा होईस्तोवर भाजला आणि वाटला की तेलाची आठवण येत नाही. नुसत्या भाकरीनं अंगात बळ राहत नाही, सोबत डाळ किंवा उसळ पाहिजेच, मूग, मटकी, हुलगे, काहीही. कडधान्याला मोड आणले की पोट कमी फुगतं. अंबाडीची भाजी शिजवून पाणी टाकावं लागतं, पण तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला यांचं पाणी पिळून टाकू नये. आमच्याकडच्या बाया सवयीनं सगळ्याच भाज्या पिळतात. पालेभाजीवर लिंबू पिळावं, अशक्त माणसाला ते लागू पडतं असं डॉक्टरीणबाई सांगायच्या. तीळ, जवस, शेंगदाणे यांचं कूट चिमटीनं घालावं, मुठीनं घालू नये.

माझा अजून एक नियम होता. भाकरीची कड मोडून आधी मी खायची, भाजीचा एक घास खायचा, थोडं थांबायचं आणि मगच डबा बांधायचा. आमचे हे हसायचे. "तू काय राजाची आचारीण हायस का, इषाची परीक्षा कराया?" म्हणायचे. त्यांना हसू यायचं, पण मला खरंच वाटायचं की एखाद दिवशी कुणी तरी माझा डबा खाऊन मरेल आणि सगळे आमच्या दारात येतील.

गिऱ्हाईकं एकेक होती. एका घरी तरण्या पोराला कावीळ झाली होती. काविळीत हळद चालत नाही असं आमच्या हळदीच्याच गावात सगळे मानतात. त्याची आजी डबा उघडून, चष्मा पुसून आत बघायची. मुगाची डाळ मुळातच पिवळी. तिनं ती सरळ उकिरड्यावर टाकली आणि मला निरोप धाडला, "त्या बाईला म्हनाव, पोराला मारती का?" डॉक्टर म्हणाले की हळदीचा आणि काविळीचा काही संबंध नाही. मी त्यांच्यासमोर बरं म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून सालीची हिरवी डाळ दिली. खरं कोण ते ठरवायची हिंमत माझ्यात नव्हती. पोरगं बरं झालं. आजीनं डाळीला यश दिलं की देवाला, ते कळलं नाही.

नाईकांची गोष्ट नंतरची, दोन हजार सालाच्या पुढची.

वारंगा फाट्याच्या आतल्या बाजूला बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. रामधन हे तिथले नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख. उंच, मिशा पांढऱ्या, आवाज असा की म्हशी वळून बघाव्यात. त्यांना छातीचा झटका आला आणि नांदेडहून बरे होऊन ते लेकीकडं वसमतला राहिले. डॉक्टर त्यांना पथ्य सांगत होते तेव्हा मी डबा घेऊन दाराआड उभी होते.

"नुस्ता रस्सा पिला तर साहेब?"

"नाही."

"फोडी न खाता?"

"नाही, नाईक."

"कोंबडी तर एवढीशीच असती."

"नाही."

"सन असला तर?"

"सण असला म्हणून झटका सुट्टी घेतो का? ऐका. जनावराचं काहीच नको. दूधसुद्धा नको. तुम्हाला थोडं खा म्हटलं तर तुम्ही पुष्कळ खाता, म्हणून सगळंच बंद."

बाहेर आल्यावर नाईकांची बायको, तिला सगळे नायकीणबाई म्हणायचे, माझ्यापुढं उभी राहिली. घागऱ्यावर आरशाच्या काचा, हातभर बलोयी बांगड्या, आणि डोळे रडून सुजलेले. "तूच का पाल्यावाली?" म्हणाली. मी मान हलवली. "पाला खाऊन शेळी जगती बाई. मानूस जगतंय व्हय? ह्यांला काही झालं ना, तर मी तुझ्या दारात येऊन बसीन. उठनार न्हाई."

त्या दिवशी मी भाकरीची कड दोनदा मोडून खाल्ली.

नाईक पहिले काही दिवस डब्याकडं बघून सुस्कारे टाकायचे. मग खायला लागले. हुलग्याचं पातळ माडगं त्यांना आवडलं, भाजलेल्या कांद्याचा झणका आवडला. चहा मात्र सुटेना, आणि दूध तर बंद. मी करडई भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून पांढरं दूध काढलं, त्याचा चहा करून दिला. घोट घेऊन त्यांनी मिशा पुसल्या.

"हे कोन्त्या म्हशीचं?"

"करडईचं."

"मंग आमी उगंच म्हशी बांधल्या. करडईच बांधली असती तर लाथ तर मारली नसती."

मी पदराआड हसले. हळूहळू त्यांची धाप कमी झाली, चालणं वाढलं. डॉक्टर खूश होते. मी मात्र खूश व्हायला घाबरत होते, आणि ते बराबर ठरलं, कारण वर्ष होत आलं तसं नाईक म्हणायला लागले की तळपायाला मुंग्या येतात, जमीन पायाखाली कापसासारखी लागते. नायकीणबाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी ती गल्लीच सोडली, मागच्या रस्त्यानं जाऊ लागले. वाटलं, झालं, पाल्यानं माणूस संपला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हे अन्न वाईट नाही, पण अंगाला लागणारी एक गोष्ट झाडपाल्यात मिळत नाही, ती औषधानं घ्यावी लागते. त्यांनी इंजेक्शनं सुरू केली. मुंग्या गेल्या. तेव्हापासून ज्यांना जास्त दिवस असं खायचं असेल त्यांना मी सांगायची, डॉक्टरांना विचारून ते औषध घ्या. एवढं एक वाक्य मी न अडखळता बोलायला शिकले होते.

नाईक तांड्यावर परतले. मी अधूनमधून एसटीनं फाट्यावर उतरून, पुढं जीपनं जायची आणि तिथल्या बायांना पथ्याचं दाखवायची. तिथं मी एक सांगून बसले. तेव्हा आमच्या भागात जिकडं तिकडं सोयाबीन झालं होतं. कापूस मोडून लोक सोयाबीन पेरत होते, पण खात कुणी नव्हतं. ते तेलाच्या कारखान्याचं पीक. मी सांगितलं, रात्रभर भिजवा, उकळा, पाणी टाका, वाळवा, भाजा, आणि चार वाटे ज्वारीत एक वाटा घालून दळा. मटण सोडलेल्या माणसाला त्यानं ताकद येते. नायकीणबाईनं केलं, नाईकांना मानवलं. तांड्यात बातमी पसरली की नाईक सोयाबीन खातात.

आता त्या दिवसाचं लिहायचं आहे. मघाशी चुलीवर पाणी ठेवायचं निमित्त करून मी दोनदा उठले.

तांड्यात हरी आणि थावरा हे दोघे भाऊ होते. बांधावरून भांडण झालं, कुऱ्हाडी निघाल्या, थावराच्या खांद्याला टाके पडले. दोन वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी बंद. नाईकांनी बसून बसून ते मिटवत आणलं होतं. त्या तांड्याची रीत अशी की भांडण मिटलं की बोकड कापायचं, दोन्ही घरचं अन्न एका ताटात वाढायचं आणि नाईकानं सगळ्यांसमोर पहिला घास घ्यायचा. त्या घासात दोन्ही घरचं असलं पाहिजे. तो घास गिळला की भांडण संपलं. त्यानंतर जो उकरून काढील त्याला तांडा जवळ करत नाही. घास झाला नाही तर काहीच झालं नाही.

पण नाईक तर बोकड खाणार नाहीत. त्यावरून पुन्हा वादावादी. काही म्हातारे म्हणाले, एका घासानं काय होतंय. नायकीणबाई रडायला लागली. शेवटी नाईकांनीच तोडगा काढला. तांड्यानं बोकड खावं, त्यांचा घास पथ्याचा. हरीच्या घरून सोयाबीन घातलेलं पीठ यावं, थावराच्या घरून भाजी, आणि दोन्ही एकत्र करून रांधायला वसमतची कौसाबाई यावी. कुणी म्हणू नये की त्या घरच्या बाईनं असं केलं न् ह्या घरच्या बाईनं तसं.

पेरण्या उरकल्या होत्या. शेतं हिरवी, वाटेत चिखल. मी पोचले तेव्हा पुढं लिंबाखाली माणसं जमली होती, मोठ्या भगुण्यात बोकड शिजत होतं. मी नाईकांच्या घरात मागच्या चुलीपाशी बसले. थावराच्या घरून तांदुळजा आला होता, कोवळा, स्वच्छ निवडलेला. हरीची बायको सोनीबाई पिठाचं गाठोडं आणि कडेवरचं लेकरू घेऊन माझ्याशेजारीच बसली. तिशीतली, बोलकी. बोकडाच्या वाटणासाठी तिनं घरची कांद्याची वेणीही आणली होती. नवऱ्याचं भांडण मिटणार म्हणून तिच्या तोंडावर असा उजेड होता की माझीही भीती थोडी उतरली.

मी पीठ मळलं, भाकऱ्या टाकल्या. वास चांगला. सवयीनं पहिल्या भाकरीची कड मोडून खाल्ली. चव गोडसर, खमंग. तांदुळजा लसूण ठेचून केला. नायकीणबाई ताट वाढून पुढं घेऊन गेली.

सोनीबाई हात धुता धुता म्हणाली, "कौसामावशी, पीठ कसं हाय माझं?"

"छान आहे."

"असंच न्हाई ते. घरातलं सोयाबीन तर आमी कवाच विकलं. पन नाईकाच्या तोंडात जायाचं, मंग हलकं कसं द्यावं? बियाचं दळलं. पेरून उरल्यालं, थैलीतलं. ह्ये टप्पोरं दानं."

मी तिच्याकडं वळले.

"कोणतं बी?"

"कंपनीचं. लाल रंग होता त्याला, चांगलं तीन पान्यानं चोळून धुतलं. पार पांढरं झालं बघा. मंग तुमी सांगितल्यावानी उकळलं, वाळवलं, भाजलं."

माझं माहेर हिंगोलीकडच्या गोरेगावचं. वडील ज्वारीच्या बियाला औषध चोळायचे तेव्हा आम्हा पोरींना अंगणात येऊ द्यायचे नाहीत. एकदा उरलेलं बी सुपात उघडं राहिलं आणि आमच्या कोंबड्यांनी ते टिपलं. संध्याकाळी त्या एकेक करून आडव्या झाल्या. आईनं त्या पुरल्या, कुत्र्यालाही घातल्या नाहीत. कोंबड्यांचे ते वाकडे झालेले पाय माझ्या डोळ्यांपुढं आले. तो लाल रंग नुसता रंग नसतो. पेरायच्या बियाला कीड-बुरशी लागू नये म्हणून चोळलेलं ते विष असतं. ज्याच्या घरी कायम घरचंच बी असायचं, त्याला थैलीतल्या बियाचं हे कळावं तरी कसं? आणि सोयाबीन खायचा नाद मीच लावला होता. बियाचं वापरू नका, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं, कारण बी खायला कुणी घेईल असं वाटलंच नव्हतं.

बाहेर नाईकांचा आवाज आला, "या रे दोगं बी, हितं बसा."

मी उठले. सोनीबाईनं माझं तोंड बघितलं आणि तिचंही तोंड उतरलं. "मावशी, काय झालं?" मी तिला एवढंच म्हटलं, "तुम्ही घरी खाल्लं का हे पीठ?" ती म्हणाली, "न्हाई, नाईकापुरतंच दळलं." मी दाराकडं निघाले.

दारापर्यंत जाताना मला दोन्ही बाजूंनी अंधार दिसत होता. गप्प राहिले तर छातीचा रोगी असलेला म्हातारा माणूस ते खाणार. खरं सांगितलं तर? हरीच्या घरच्या पिठात विष, हे शब्द थावराच्या कानावर पडले की पुढचं कुणी ऐकून घेणार नव्हतं. कुऱ्हाडी आधी एकदा निघालेल्याच होत्या. आणि सोनीबाई माझ्या मागं उभी, तिच्या कडेवर लेकरू.

मी जन्मात पुरुषांच्या बैठकीत गेले नव्हते. डोक्यावरचा पदर दातात धरून मी लिंबाखाली गेले. नाईकांनी भाकरीचा तुकडा मोडून भाजी घेतली होती, हात ताटावरून उचलला होता. मी पुढं वाकले आणि त्यांच्यासमोरचं ताटच ओढून घेतलं.



"काय झालं बाई?" नाईक म्हणाले.

मी म्हटलं, "खाऊ नका. माझ्या हाताला तूप लागलं होतं. तसंच पीठ मळलं. तुमच्या पथ्याला चालणार नाही."

क्षणभरानं लोक हसायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "आरं तुपानं मरतंय व्हय कोनी? तुपानं पैलवान व्हतंय." दुसरा म्हणाला, "खा नाईक, बोटभर तुपाला काय भ्यायचं."

थावरा मात्र हसला नाही. तो उठून उभा राहिला. "काहून थांबवून राहिली ही? काय हाय त्या भाकरीत?"

हरी पण उठला. "काय हाय म्हंजी? माझ्या घरचं पीठ हाय."

"म्हनूनच इचारलं."

मी ताट छातीशी धरलं. मी पुन्हा म्हणाले, "चूक माझी आहे. पीठ चांगलं आहे. हात माझा होता."

नाईक माझ्याकडं बघत होते. पुष्कळ वेळ बघत होते असं मला वाटलं. त्यांच्या बोटांत तो घास तसाच होता. मग त्यांनी तो माझ्या हातातल्या ताटात ठेवला.

"बस खाली थावरा. तू बी बस रे. डॉक्टरनं जनावराचं काहीच न्हाई म्हनून सांगितलं हाय. तूप काय झाडाला लागतंय? घेऊन जा बाई. दुसरी करून आना. आमी बसलो हाव."

थावरा बसता बसता म्हणाला, "वसमतहून आचारीन आनली, तिला हात धुता येईना." लोक पुन्हा हसले. कुणी मला हसलं म्हणून बरं वाटायची ती जन्मातली एकच वेळ.

आत येऊन मी नायकीणबाईकडून त्यांच्या घरची नुसती ज्वारी मागितली. घासात दोन्ही घरचं पाहिजे होतं. थावराची भाजी होती, पण हरीचं आता काय? मी इकडं तिकडं बघत होते. सोनीबाईच्या वेणीतले दोन कांदे तोडले, निखाऱ्यात टाकले. ते काळे झाल्यावर सोलून, मीठ न घालता ठेचले. भाकरी नाईकांच्याच घरची, भाजी थावराची, कांदा हरीचा. या भाकरीची कडही मी मोडून खाल्ली. नायकीणबाई ताट घेऊन गेली, आणि मी दाराच्या फटीतून नाईकांचा गळा हललेला बघितला. मग हरी आणि थावरा एकमेकांच्या ताटाकडं सरकले. बाहेर मोठ्यानं बोलणं सुरू झालं.

मागच्या अंगणात सोनीबाई माझ्या पायाशी बसून दातांनी पदर चावत रडत होती. "मावशी, मला ठाऊक न्हवतं वं. लेकराची आन."

"मला माहीत आहे."

"कोनाला सांगू नका. त्यो थावरा आमाला जिता ठेवनार न्हाई."

आम्ही दोघींनी कुंपणाशी खड्डा घेतला. भाकऱ्या, उरलेलं पीठ, तो एक घास, सगळं त्यात घातलं, माती लोटली आणि वर मोठा दगड ठेवला, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. माती लोटता लोटताच मला आठवलं की त्या पहिल्या भाकरीची कड माझ्या पोटात आहे.

मी सोनीबाईला ते सांगितलं नाही. ती बोंबलली असती. तांब्याभर पाण्यात मीठ कालवून प्यायले, आडोशाला जाऊन घशात बोटं घातली. काही पडलं, काही पडलं नाही. फाट्यावर एसटीची वाट बघताना जीभ जड झाल्यासारखी वाटत होती. पोटात जरा काही हललं की मी बाकाची कड घट्ट धरायची. घरी दोन पोरी होत्या, हे अंथरुणाला खिळलेले. कुणाला सांगायचं, काय म्हणून सांगायचं? दवाखान्यात गेले असते तर काय खाल्लं ते सांगावं लागलं असतं, आणि डॉक्टरांकडून ते नाईकांच्या लेकीपर्यंत गेलं असतं. मी तशीच घरी गेले. पोरींना दोघींना जवळ घेऊन बसले. मला काही झालं नाही. एवढ्याशा तुकड्यानं काही होत नसेल, किंवा धुऊन, उकळून त्यातलं बरंचसं गेलं असेल. नाईकांनी त्या भाकऱ्या खाल्ल्या असत्या तर काय झालं असतं, ते मला आजही माहीत नाही. माहीत नसणं हेच मला जास्त छळतं.

वारंग्याकडच्या रोग्यांचे डबे पुढं बंद झाले. जिला हात धुता येत नाही तिच्याकडून पथ्य कोण घेणार? मी त्याची तक्रार केली नाही. आपली गिऱ्हाईकं कमी झाली की आपली भीतीही तेवढी कमी होते. पण जिथं जिथं सोयाबीन सांगायची, तिथं मी आधी एक सांगायला लागले. पेरायचं बी वेगळं, खायचं धान्य वेगळं, आणि थैलीतला एकही दाणा घरात येऊ देऊ नका. लोकांना वाटायचं, ही बाई उगाच घाबरवते.

पुढच्या वर्षी नाईक डॉक्टरांकडं आले होते. वाकून माझ्या घराच्या दारातून आत आले, करडईचा चहा मागितला. आमचे हे झोपले होते. नाईक चहा पीत होते, मी दाराआड उभी.

"बाई, एक इचारू?"

मी गाळणी पुसायला घेतली.

"झटका आल्यापसून माझ्या घरात तूप न्हाई. नायकीननं गाडगंसुद्धा फोडून टाकलं. तुमी माझ्याच चुलीवर रांधत होता. मंग तुमच्या हाताला तूप कुठून लागलं?"

मी पुसलेलीच गाळणी पुन्हा पुसायला लागले. बाहेरून सायकलची घंटी गेली.

नाईकांनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या. "न्हाई न्हाई, सांगू नका. मी इचारलंच न्हाई," म्हणाले, आणि उठले. दारात थांबून एवढंच बोलले, "हरी आन् थावरानं औंदा एकाच बैलजोडीनं पेरलं."

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. इंजेक्शनं घेतली, हुलगे खाल्ले, आणि सणाच्या दिवशी भगुण्याकडं पाठ करून बसायला शिकले. शेवटी झोपेतच गेले.

त्यांच्या दिवसकार्याला मी गेले होते. नायकीणबाईनंच निरोप धाडला होता. हरी आणि थावरा दोघं वाढत होते, दोघांच्याही मिशा पांढऱ्या झालेल्या. माझ्या ताटात भाकरी वाढायला सोनीबाई आली. आता तिला सुना आहेत. ती वाढून पुढं गेली नाही. माझ्यासमोर उकिडवी बसली, भाकरीची कड मोडली, तोंडात घातली, चावली, गिळली. मग उरलेली भाकरी माझ्या ताटात ठेवली.

तिनं घास गिळलेला मी बघितला होता. तरी मी थोडं थांबले, आणि मगच खाल्ली.